सेंटरचा उजवा हात

मी हॅन्ड थेरपिस्ट. शिकले मुंबईत, केईएमला. नोकरी कॅनडाच्या प्रेअरी भागात. मुंबईत पॉवर प्रेसखाली बोटं सापडलेले कामगार यायचे. इथे शेतकरी येतात, मेकॅनिक येतात आणि जून ते नोव्हेंबर अधूनमधून एखादा फुटबॉलवाला. हा फुटबॉल अमेरिकन खेळाचा कॅनडातला भाऊबंद. मैदान ११० यार्ड लांब, ६५ यार्ड रुंद, प्रत्येक बाजूला १२ गडी, आणि १० यार्ड पुढे सरकायला चारऐवजी ३ संधी.

त्या दिवशी आलेला पेशंट ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे त्या संघाच्या पुढच्या रांगेचा, सेंटर होता. रांगेच्या मधोमध वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देणारा. दारातून आत यायला त्याला जरा तिरकंच व्हावं लागलं. उजव्या तळव्यातलं अनामिकेकडचं हाड मोडलेलं, आत प्लेट बसवलेली, टाके निघालेले. पॅड लावलेला स्प्लिंट (हाताला आधार देणारा साचा) घालून खेळायला हरकत नाही, अशी सर्जनची चिठ्ठी सोबत. तो स्प्लिंट करायचं काम माझं.

आधी बोटांची मापं घेतली. करंगळी बाहेर वळलेली. मधल्या बोटाचं शेवटचं पेर खालीच झुकलेलं. टोकाचा स्नायुबंध कधीतरी तुटला होता. अशा बोटाला सहा-आठ आठवडे अखंड पट्टी लागते, आणि याने ती सामन्याच्या दिवशी काढून ठेवली होती. मी एकेका सांध्याचे अंश लिहीत होते, तर म्हणाला, "नीट लिहा हं, माझे आकडे एवढेच."

खोटं नव्हतं ते. धावणाऱ्याचे यार्ड मोजतात, झेलणाऱ्याचे झेल. लाइनमनच्या नावावर लागतात ते दंड, आणि त्याच्या बाजूने कुणी आत घुसून क्वार्टरबॅकला, म्हणजे मागे उभं राहून पास फेकणाऱ्याला, पाडलं तर तो हिशेब. विनिपेग संघाचा स्टॅन्ली ब्रायंट २०१७, २०१८, २०२१ आणि २०२२ असा ४ वेळा कॅनेडियन फुटबॉल लीगचा सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनमन ठरला. पण कशाच्या जोरावर, ते आकड्यात कोण सांगणार?

प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून अनामिका, करंगळी आणि मनगट धरणारा स्प्लिंट बेतला. अंगठा आणि दोन बोटं मोकळी. कागदावर बरोबर होतं सगळं. "एकदा चेंडू टाकून बघू या का?" तो म्हणाला. चेंडू त्याच्या पिशवीतच होता.

मग आमच्या कॉरिडॉरमध्ये हा गडी वाकला, मी पंधरा फूट मागे. दोन पायांमधून आलेला चेंडू माझ्या डाव्या खांद्याजवळून थेट खुर्च्यांवर! गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी टाळ्या पिटायला लागल्या. स्प्लिंटची कड तळव्यात चेंडूला घासत होती. कापली, हीट गनने वळवली, पुन्हा वाकला. आता चेंडू छातीवर आला, पण त्याचं समाधान होईना. चेंडू मागे देणं हे अर्धंच काम, म्हणाला. कॅनडात समोरचा बचावपटू चेंडूपासून पूर्ण १ यार्ड लांब उभा असतो, म्हणजे त्याला धावत येऊन आदळायला जागा मिळते. संधी तीनच, त्यामुळे पास जास्त. आणि पास असला की लाइनमनने मागे सरकत सरकत समोरच्याला थोपवायचं. दाखवायला त्याने माझ्या सहा फुटी सहकाऱ्याला समोर उभं केलं आणि दोन्ही तळवे त्याच्या छातीला टेकवले. ढकललं असं दिसलंच नाही, पण सहकारी भिंतीला! मला त्यातून एवढं कळलं की जोर तळव्याच्या अंगठ्याखालच्या गादीवर येतो. तिथलं प्लास्टिक काढून टाकलं, करंगळीकडच्या बाजूला जाड फोम चढवला.

जाताना हिवाळ्यातल्या शाळेविषयी बोलला. सीझन संपला की तो बदली शिक्षक. लीगचा किमान पगार २०२३ पासून वर्षाला ७०,००० डॉलर. संघात ठरावीक कॅनेडियन खेळाडू सुरुवातीपासून उतरवावेच लागतात आणि त्यातले बरेच याच लाइनीत असतात. त्याचीही जागा तशीच आलेली. पोरं विचारतात, सर, तुम्ही टच-डाऊन किती केले? आता टच-डाऊन म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं, ते लाइनमनच्या वाट्याला कुठलं!

शनिवारी सामना टीव्हीवर लावला. चेंडूमागे डोळे पळू द्यायचे नाहीत, फक्त मधल्या माणसाकडे बघायचं, हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. चेंडू एकदाही वाकडा गेला नाही. समालोचकांनी त्याचं नाव घेतलं ते एकदाच. होल्डिंग, म्हणजे समोरच्याला हातांनी धरून ठेवणं. १० यार्ड दंड.

सोमवारी तपासणीला आला. बसायच्या आधीच म्हणाला, "होल्डिंग नव्हतंच ते."