शहापूरचा झारा, गदगचा डोंगर

बेळगावच्या शहापुरात सोनाराच्या दुकानातला केर कुणी उकिरड्यावर टाकत नाही. कानशीखालचा कीस, फुटक्या मुशींच्या ठिकऱ्या, शेगडीतली राख, बैठकीखालची धूळ, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, सगळं डब्यात साठवायचं आणि झारेकऱ्याला विकायचं. या केराला झारा म्हणतात. आमच्या अप्पांच्या दुकानातला झारा दिवाळीच्या आधी जायचा. घ्यायला येणाऱ्या मावशी पहाटे सराफ गल्लीतली गटारंही झाडायच्या, कारण दुकानाच्या पायरीवरून वाहून गेलेला कणसुद्धा त्यांच्या हिशेबात असायचा.

मी पुढे रसायनशास्त्र शिकले, आता तेच शिकवते. त्यामुळे त्या मावशी काय करत होत्या ते मला नंतर नीट कळलं. झारा पाण्यात घोळायचा, हलकी माती वाहून जाऊ द्यायची, तळाशी राहिलेल्या जड चुऱ्यात पारा चोळायचा. पारा सोन्याला धरून बसतो. मग तो फडक्यातून पिळायचा आणि उरलेला गोळा चुलीवर ठेवायचा. 357 अंशाला पारा उकळून निघून जातो, सोनं राहतं. पण तो जातो कुठे? चुलीशेजारी बसलेल्या पोरांच्या छातीत. त्या वाफेला वास नसतो, म्हणून कुणी दूर सरकत नाही. हात कापायला लागतात, विसरायला होतं, आणि घरचे म्हणतात की वय झालं.

हीच रीत आज जगात दीड-दोन कोटी माणसांची रोजीरोटी आहे. आफ्रिकेत, ॲमेझॉनच्या खोऱ्यात, इंडोनेशियात नदीकाठी छोट्या खाणी खणणारे लोक पाऱ्यानेच सोनं काढतात. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा या कामाचा आहे, कोळशावरच्या वीजकेंद्रांपेक्षाही जास्त. उरलेला नदीत उतरतो, गाळातले जिवाणू त्याचं आणखी विषारी रूप करतात आणि ते माशांतून ताटात येतं. पाऱ्यावरचा मिनामाता करार 2017 मध्ये लागू झाला, भारतही 2018 मध्ये त्यात सामील झाला. करार हवाच होता. पण ज्याच्या घरी संध्याकाळची चूल त्या गोळ्यावर पेटते, त्याला नुसतं ‘पारा वापरू नका’ सांगून भागत नाही. दुसरी रीत हातात द्यावी लागते.

ती रीत आहे, आणि ती वाचली तेव्हा मला अप्पांची शेगडी आठवली. फिलिपाईन्समधल्या बेंगेट प्रांतातले छोटे खाणकामगार कित्येक वर्षं पाऱ्याशिवाय सोनं काढतात, टाकणखार म्हणजे बोरॅक्स वापरून. आमच्याकडे डाग लावताना, म्हणजे सोन्याचे सांधे जोडताना, आणि सोनं आटवताना चिमूटभर टाकतात, तोच! दगडाची बारीक पूड पाण्यात घोळून जड भाग वेगळा करायचा, त्यात टाकणखार मिसळून कोळशावर तापवायचं. टाकणखारामुळे बाकीची खनिजं लवकर वितळून काचेसारखी वर येतात आणि सोन्याचा मणी तळाशी बसतो. पाऱ्याच्या रीतीपेक्षा सोनं जास्त हाती लागतं असाही तिथला अनुभव आहे. घोळण्याचं काम मात्र नेटानं करावं लागतं. आमच्या झारेकरी मावशींचा त्यात हात धरणारं कुणी नव्हतं.

हे सगळं लिहायला बसले ते उत्तर कर्नाटकातल्या गदगच्या कप्पतगुड्डा डोंगरामुळे. माझ्या वर्गात त्या बाजूची मुलं येतात. कप्पतगुड्डाच्या ओढ्यांमधली वाळू पावसाळ्यानंतर धुऊन सोन्याचे कण वेचणारे जालगार लोक तिथे पिढ्यान् पिढ्या होते. वाळूत सोनं म्हणजे डोंगरात सोनं, म्हणून खाणीचे प्रस्ताव आले. गदगच्या तोंटदार्य मठाचे स्वामीजी, शेतकरी, विद्यार्थी रस्त्यावर आले. 2015 मध्ये मिळालेलं संरक्षण पुढच्याच वर्षी काढून घेतलं गेलं, आंदोलनानंतर 2017 मध्ये परत मिळालं, आणि 2019 मध्ये सुमारे 244 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. तिथे लांडगे आहेत, तरस आहेत, वैद्य लोक शोधत जातात त्या वनस्पती आहेत. खाली कोरडवाहू ज्वारी, कांदा, मिरची, आणि मेंढरं. त्या अवर्षणी मुलखात डोंगरातून उतरणारं पाणी हाच खरा आधार, हे तिथल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही.

‘पण रोजगार?’ हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये विचारला जातो, आणि तो खोटा नाही. मी त्यावर कर्नाटकातल्याच कोलारच्या सोन्याच्या खाणीचं उदाहरण देते. 1880 पासून 2001 पर्यंत खाण चालली, तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली, 800 टनांच्या वर सोनं निघालं. सुरुवातीला टनभर दगडामागे 40 ग्रॅमच्या वर मिळायचं, शेवटी तीन-चार ग्रॅमवर आलं. 28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद झाली. मागे उरले सायनाइडच्या गाळाचे पांढुरके डोंगर, वाऱ्याबरोबर घरात येणारी त्यांची धूळ, आणि सिलिकाची धूळ छातीत साठलेले म्हातारे. तरुण पोरं पहाटेची रेल्वे पकडून बंगळूरला कामाला जातात. सोन्याच्या गावात दुसरा धंदा कुणी उभाच केला नव्हता. आता भाव चढल्यावर त्या गाळातून पुन्हा सोनं काढायचं चाललंय. निदान ते नवा डोंगर फोडणं तरी नाही, पण उडणाऱ्या धुळीचं आधी बघायला हवं.

भारतात वर्षाला 700-800 टन सोनं बाहेरून येतं. आपल्या खाणींतून दोन टनसुद्धा निघत नाही. घराघरांत मात्र 25 हजार टनांच्या आसपास पडून असल्याचा जागतिक सुवर्ण परिषदेचा अंदाज आहे. म्हणजे कप्पतगुड्डा पोखरला तरी आयात थांबायची नाही, आणि आपली कपाटं उघडली तर पुष्कळ फरक पडेल. माझी खाण ही आहे: आजीच्या झिजलेल्या पाटल्या, तुटका गोफ, एकच उरलेली कुडी.

यात शहापूरच्या कारागिरांचाही प्रश्न आहे. तयार दागिना बाहेरगावच्या कारखान्यातून येतो, मजुरी तिकडे जाते. जुनं आटवून नवं घडवलं तर मूस, हातोडी आणि मजुरी इथेच राहते. झारासुद्धा इथेच पडतो. भाचीच्या लग्नाला नवा तोळा घ्यायचा नाही, असं आम्ही घरात ठरवलंय. मोहनमाळ आणि ठुशी दोन्ही जुन्यातून होणार.

तुम्हीही करणार असाल तर एवढं बघा. खडे आणि मेण-लाख आधी काढून घ्या, मग वजन करा. आटवताना समोर बसा. आटवलेल्या लगडीचा टंच, म्हणजे शुद्धता, मशीनवर काढून कागद घ्या. घट (आटवण्या-घडवण्यात कमी झालेलं वजन) किती आणि मजुरी किती, हे वेगवेगळं लिहून मागा. नवा दागिना हॉलमार्कचा असेल तर त्यावरचा सहा आकडी-अक्षरी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासा. आणि जुन्या पाटलीवर आजीचं नाव कोरलेलं असेल, तर तेवढा तुकडा कारागिराला वेगळा काढून ठेवायला सांगा. तो देतो.