नांगर, वखर, तिफण, डवरा

पाठांतराच्या बाबतीत आपली शाळा किती कडक होती, हे इथून शिकून गेलेल्यांना सांगायला नको. मला मात्र जास्त आठवतो तो मराठीच्या गुरुजींचा शनिवारचा खेळ. गुरुजी सात शब्द एकदाच म्हणत आणि कुणालाही उभं करून त्याच क्रमानं विचारत. एकदा त्यांनी शेतीकामातले शब्द सांगितले : नांगर, वखर, तिफण, डवरा, इळा, खळं, बंडी. एरवी कवितेच्या दोन ओळींत अडखळणारा मागच्या बाकावरचा गडी उठला आणि धडाधड म्हणून मोकळा झाला. वर म्हणतो, "गुरुजी, हे तं सालभराचं कामच सांगतलं तुमी!"

मग गुरुजींनी ठेग, झुत, रिढ, नेब, घिख, फोढ, डुफ असं काहीबाही सुरू केलं. वर्गातला पहिला नंबरही तीन-चारावर आडवा! एकीनं तर 'झुत'चं 'भूत' करून टाकलं. पोरं हसली, गुरुजी मात्र खूश. अर्थ नसला की डोकं जवळपासचा अर्थ चिकटवून घेतं, हेच त्यांना दाखवायचं होतं. खरी गंमत झाली ती बदलीवर आलेल्या साहेबांच्या नागपूरकर मुलाची. त्याच्या लेखी वखर आणि डवरा हेही झुत आणि रिढच. नांगर, बंडी एवढं सांगून तो खाली बसला.

पुढे बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात एबिंगहाउस भेटला. या जर्मन माणसानं स्वतःवरच पाठांतराचे प्रयोग करून ते १८८५ साली छापले. इंग्रजी कवितेचं सुमारे ८० अक्षरांचं कडवं त्याला नऊएक वाचनांत पाठ व्हायचं. तेवढीच निरर्थक अक्षरं असती तर ७०-८० वाचनं लागली असती, असा त्याचा हिशेब. १९५६ साली अमेरिकेच्या जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं मांडलं, की ऐकल्या ऐकल्या ध्यानात राहतात त्या सातच्या आसपास गोष्टी. पण मोजायचे ते अर्थानं बांधलेले गठ्ठे, अक्षरं नव्हेत. आमच्या त्या गड्यासाठी सात शब्द नव्हतेच मुळी. नांगरटीपासून माल घरी येईस्तोवरचा तो एकच गठ्ठा होता.

आता, अर्थ न कळता घोकलेलं सगळंच वाया गेलं, असं काही मी म्हणणार नाही. पाव, दीड, अडीचच्या पाढ्यांची पावकी, दीडकी, अडीचकी तेव्हा कुणाला कळत होती? पण तिला चाल होती. आजही अडीच किलो तुरीच्या डाळीचा हिशेब दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरआधी माझ्या तोंडून निघतो.