काहीच निघालं नाही, तरी पोस्टर लावा

फेब्रुवारी आला की दादरच्या आमच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या मंडळाची धांदल सुरू व्हायची. टीवायच्या मुलांनी वर्षभर केलेले प्रकल्प हॉलमध्ये मांडायचे आणि येईल त्याला समजावून सांगायचे. इतर फेस्टिवलांना स्पॉन्सर असत; आमचा खर्च म्हणजे चार्टपेपर, सेलोटेप आणि वडापाव.

विषय बहुतेकांचा भावना. यंत्रं लागत नाहीत, माणसं लागतात, आणि मुंबईत त्यांना काय तोटा! प्रश्नावल्या भरून घ्यायची हक्काची जागा म्हणजे लोकलचा लेडीज डबा. घाटकोपर गेलं, बसायला मिळालं, की बायका भाजी निवडायला काढत. तेवढ्यात ‘काकू, पाचच मिनिटं’ म्हणत कागद पुढे करायचा. राग गिळता की बोलून दाखवता, एवढं विचारलं की सासूपासून साहेबापर्यंत सगळं बाहेर यायचं. त्यातलं निम्मं कुठल्याच रकान्यात बसायचं नाही, आणि खरं ऐकण्यासारखं तेच असायचं.

एका वर्षी भरतनाट्यम शिकणाऱ्या मैत्रिणीचे फोटो लावले होते. नाट्यशास्त्रातले आठ स्थायीभाव, म्हणजे मूळ भावना, लोकांनी चेहऱ्यावरून ओळखायच्या. क्रोध, शोक, हास पटापट ओळखले गेले. उत्साहाला एकाने ‘निवडणुकीचा उमेदवार’ म्हटलं. भय आणि विस्मय यांत मात्र सगळेच अडखळले. शिपाईमामा म्हणाले, ‘‘पोरगी घाबरलीय का हिला लॉटरी लागलीय?’’ मानसशास्त्रज्ञ पॉल एकमनने पापुआ न्यू गिनीत फोरे जमातीच्या लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले, तेव्हा त्यांचीही भीती आणि आश्चर्य यांतच गल्लत झाली होती. मामांना हे सांगितल्यावर ते दिवसभर ऐटीत वावरले.

आणि पेनाचा प्रयोग! तो दरवर्षी कोणीतरी करायचंच. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ स्ट्रॅक आणि सहकाऱ्यांचा, १९८८चा. पेन ओठ न लावता दातांत धरलं की चेहरा आपोआप हसरा होतो, ओठांत आवळलं की होत नाही; दातांत धरणाऱ्यांना व्यंगचित्रं जास्त गमतीची वाटली. पुस्तकात झकास. आमच्याकडे कधी फरक यायचा, कधी नाही, एकदा तर उलटाच आला. आकडे जुळेनात म्हणून एक गट रडकुंडीला आला, तर मॅडम म्हणाल्या, ‘‘काहीच निघालं नाही ना? मग तेच मोठ्या अक्षरांत लिहा.’’ त्या पोस्टरपुढे सगळ्यांत जास्त गर्दी झाली, वादही तिथेच रंगले.

२०१६ साली १७ प्रयोगशाळांनी सुमारे १,९०० लोकांवर तोच प्रयोग केला आणि मूळचा परिणाम काही दिसला नाही. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी दिवाळी! मग २०२२ मध्ये १९ देशांतल्या अभ्यासाने सांगितलं की मुद्दाम हसरा चेहरा केला तर मनाला थोडंसं बरं वाटतं; पेनाचं मात्र ठामपणे काही सांगता येत नाही.

अजूनही फेब्रुवारीत जमलं की मी हॉलमध्ये डोकावते. टीवायची पोरं विचारतात, ‘‘ताई, मग पेनाचं नक्की काय?’’ मी म्हणते, वडापाव खाऊन झाला की तोंड पुसा आणि करून बघा.