'यू ऑलराइट?'ला उत्तर द्यायचं नसतं

ऑगस्ट संपत आला की दादर-पार्ल्यातल्या कितीतरी घरांत पलंगावर उघडी बॅग असते, शेजारी वजनकाटा, आणि आई भाजणीची पिशवी तिसऱ्यांदा कोंबत असते. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला खुशाल न्या. साजूक तूप आणि पेढे मात्र बाहेर काढा. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, सापडले तर जप्त होतात. तूप तिकडे भारतीय दुकानात मिळतं.

बॅगेचं एवढं पुरे. पुढचं सगळं इंग्लंडात पदवीच्या पहिल्या वर्षाला निघालेल्या आणि आत्तापासूनच पोटात गोळा आलेल्या मुलामुलींसाठी.

पहिला गोंधळ वेळापत्रकाचा. आठवड्याला बारा-पंधरा तासच भरलेले दिसतात आणि वाटतं, बाकी मजाच आहे. हिशोब वेगळा असतो. वर्षाला १२० क्रेडिट आणि एका क्रेडिटला १० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे वर्षाचे १२०० तास. परीक्षांसकट साधारण ३० आठवडे धरले तर आठवड्याला ४० तास. वर्गातले सोडून उरलेले तुम्ही वाचनालयात बसून भरायचे, आणि 'बसलास का?' असं विचारायला कोणी येणार नाही. इथे क्लासवाले सर घरी फोन करतात, तिथे तसं काही नाही. हजेरीची नोंद मात्र होते. स्टुडंट व्हिसावरच्या मुलांचा सहभाग विद्यापीठाला तपासावा लागतो आणि सततची गैरहजेरी थेट व्हिसावर येऊ शकते. त्यामुळे ताप आला तरी त्याच दिवशी विभागाला ईमेल करून कळवा.

दुसरा धक्का गुणांचा. बारावीला ९१ टक्के मिळवलेल्या मुलीला पहिल्या निबंधात ५८ मिळतात आणि ती रात्रभर रडते. तिकडे पदवीचे वर्ग असे लागतात: ७० च्या वर फर्स्ट, ६० ते ६९ अप्पर सेकंड, ५० ते ५९ लोअर सेकंड. ८५ क्वचितच कोणाला मिळतात. ५८ म्हणजे दोन गुणांनी अप्पर सेकंड हुकलं, इतकंच. शिवाय बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे गुण अंतिम पदवीत धरत नाहीत, ४० ला पास झालं की पुढे जाता येतं. आपल्या विभागाच्या हँडबुकात हे एकदा तपासून घ्या, कारण काही अभ्यासक्रमांत नियम वेगळे असतात.

गुण जातात कुठे? आपल्याला नोट्स पाठ करून 'आयएमपी' प्रश्न सोडवायची सवय. तिथल्या निबंधात माहिती उतरवली की जेमतेम पास होता येतं. दोन अभ्यासकांचं कुठे पटत नाही आणि तुम्हाला कोणाचं पटतं, का पटतं, हे लिहिलं की गुण वाढतात. संदर्भ न देता उचललेलं वाक्य तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये सहज पकडलं जातं. 'सगळेच करतात' हे स्पष्टीकरण तिथे चालत नाही.

आता सेमिनार. दहा-पंधरा मुलं गोल बसतात, बोलणं अपेक्षित असतं, आणि घाबरट मुलांची खरी कसोटी तिथेच लागते. उपाय साधा आहे. घरून एक प्रश्न कागदावर लिहून न्या, 'अमुक पानावर लेखक असं म्हणतो, पण तमुक उदाहरणाला ते लागू होतं का?' असा. तो पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाका. अर्धा तास थांबलात तर तोच प्रश्न दुसरं कोणीतरी विचारतं आणि तुमच्या छातीत धडधड तेवढी उरते.

'सर', 'मॅडम' तोंडातून सुटायला महिना लागतो. प्राध्यापकांना बहुधा पहिल्या नावाने हाक मारायची असते. तो उद्धटपणा नाही. ईमेलच्या विषयात मॉड्यूलचा, म्हणजे त्या पेपरचा, कोड, मग तीन ओळी: काय अडलं, तुम्ही काय करून पाहिलं, कधी भेटता येईल. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम युवर ओबीडियंट स्टुडंट' नको. प्रत्येकाला एक पर्सनल ट्यूटर, म्हणजे अडीअडचणीला भेटायचा प्राध्यापक, नेमलेला असतो. त्याला संकट येईपर्यंत लांब ठेवू नका, दुसऱ्या आठवड्यातच भेटून या. मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपायच्या आधी अर्ज करा. नंतर मागायला गेलात की पुरावा द्या, कारण द्या, सगळं अवघड होतं.

कॉरिडॉरमध्ये कोणी 'यू ऑलराइट?' म्हणालं तर थांबून तब्येत सांगू नका. ते आपल्या 'काय, जेवलात का?'सारखं आहे. तुम्हीही 'ऑलराइट?' म्हणायचं आणि चालू लागायचं.

स्वयंपाकघराबद्दल जरा जास्त, कारण अख्खी इमारत रात्री थंडीत रस्त्यावर आणण्याची ताकद एका फोडणीत आहे. बऱ्याच होस्टेलांत स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा सेन्सर असतो आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये धूर ओळखणारा. मिरचीचा ठसका लागला की आपण सवयीने दार उघडतो, धूर कॉरिडॉरमध्ये जातो आणि अलार्म वाजतो. दार बंद ठेवा, खिडकी उघडा, एक्झॉस्ट आधीच लावा. शेगडी विजेची असते, बंद केली तरी तापलेली राहते. मोहरी तडतडली की पातेलं उचलून बाजूला ठेवायचं, नाहीतर हिंग जळलाच.

पोहोचल्याच्या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. व्हिसासोबत वर्षाचे ७७६ पाउंड आरोग्य अधिभार भरलेलाच असतो, मग आजारी पडेपर्यंत थांबायचं कशाला? रात्री-बेरात्री सल्ला हवा तर १११, जिवावर बेतलं तर ९९९. नोकरी करणार असाल तर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच, आणि फ्रीलान्सिंग किंवा स्वतःचा धंदा अजिबात नाही.

घरची आठवण पहिल्या आठवड्यात फारशी येत नाही, तेव्हा गडबड असते. खरी येते ती नंतर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे जातं, मुंबईशी साडेचार तासांचं अंतर साडेपाच होतं. डिसेंबरात लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो. दिवाळीला सुट्टी नसते. ऑक्टोबर ते मार्चची सुरुवात इतके महिने रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्या, असं तिथली आरोग्यसेवाच सांगते. आणि घरी फोन रोज अंथरुणात पडून करण्यापेक्षा दुपारी साडेचारला, चालता चालता करा. तेव्हा मुंबईत रात्रीचे दहा वाजलेले असतात, आई जेवणं उरकून नुकतीच टेकलेली असते.