निरसे दूध, मऊ चीज आणि नाकाला न कळणारे जंतू

गेल्या काही वर्षांत नागपुरात, विशेषतः धरमपेठ आणि रामदासपेठ या भागांत, काचेच्या बाटलीतून घरपोच येणाऱ्या दुधाचे प्रस्थ बरेच वाढले आहे. त्यातले काही दूध पाश्चराइज्ड, म्हणजे जंतू मरतील इतके तापवलेले, असते, काही नसते, आणि जे नसते तेच ‘गायीने दिले तसे’ म्हणून चढ्या भावाने विकले जाते. माझा आक्षेप भावावर नाही. तापवू नका, तापवल्याने सत्त्व जाते, असा जो सल्ला बाटलीसोबत मिळतो, त्यावर आहे.

दूध पारखण्याची आपल्या घरांतली रीत म्हणजे वास घेणे, चव बघणे आणि शंका आलीच तर वाटीभर दूध गॅसवर ठेवून ते फाटते का हे पाहणे. ही रीत खोटी नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की इथल्या प्रत्येक गृहिणीला तिचा आधार घ्यावा लागतो. मात्र ती पत्ता देते तो दूध आंबवणाऱ्या जिवाणूंचा. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलायचा ओ157 हा प्रकार किंवा लिस्टेरिया यांची माणसाला आजारी पाडण्याइतकी संख्या दुधात असली, तरी त्याचा वास, रंग आणि चव जशीच्या तशी राहू शकते. हे जंतू शेणाच्या कणातून, गोठ्यातल्या पाण्यातून, दूध काढणाऱ्याच्या हातातून येतात. ब्रुसेला आणि गुरांच्या क्षयाचे जंतू तर थेट जनावराच्या शरीरातूनच दुधात उतरतात. त्यामुळे गोठा आरशासारखा स्वच्छ असला, तरी तेवढ्याने प्रश्न सुटत नाही.

हे सर्वांत स्पष्ट दिसले ते माल्टा बेटावर. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना महिनोन्‌महिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या तापाचा जंतू, म्हणजे हाच ब्रुसेला, लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी 1887 साली शोधला, पण तो येतो कुठून हे पुढे जवळजवळ दोन दशके कळले नव्हते. 1905 मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामिट यांना तो शेळ्यांच्या रक्तात सापडला, आणि त्या शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या. सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद झाले आणि तापाचे रुग्ण झपाट्याने घटले.

ही जुनी गोष्ट मला दर पावसाळ्याच्या अखेरीस आठवते, कारण डेंग्यूची साथ आली की शेळीच्या दुधाला सोन्याचा भाव येतो. स्टीलचे डबे घेऊन लोक शेळीवाल्यासमोर उभे राहतात, धार डब्यात पडते, फेस खाली बसायच्या आत झाकण लागते, आणि शेळीवाला सांगतो, “कच्चंच पाजा पोराले, ताई. तापवलं का ताकद जाते.” या दुधाने प्लेटलेट वाढतात याला वैद्यकीय आधार नाही, डेंग्यूतून बरे होताना त्या आपोआप वाढतात आणि श्रेय शेळीला मिळते. उलट आधीच तापाने खंगलेल्या मुलाला ब्रुसेलोसिस, म्हणजे तोच माल्टाचा ताप, झाला, तर सांधे आणि पाठ धरून ठेवणारा, रात्री घामाने भिजवणारा हा ताप अनेकदा टायफॉइड किंवा क्षय समजला जातो, आणि निदान झाल्यावरही साधारण सहा आठवडे प्रतिजैविके घ्यावी लागतात.

सत्त्वाचे म्हणाल, तर तापवल्याने दुधातले कॅल्शियम कुठे जात नाही आणि प्रथिनांचे पोषणमूल्यही जवळपास तेवढेच राहते. काही ब जीवनसत्त्वे आणि मुळातच थोडे असलेले क जीवनसत्त्व घटते, एवढेच. पाश्चरीकरणाला 63 अंशांवर 30 मिनिटे किंवा 72 अंशांवर 15 सेकंद पुरतात. आपली एक उकळी त्याच्या कितीतरी पुढची असते.

मऊ चीजचा विषय आपल्याकडे नवा आहे, पण कॅफेंच्या मेन्यूंवर ब्री आणि फेटा आता सर्रास दिसतात, तेव्हा तोही समजून घ्यायला हवा. पार्मेजानोसारखे चीज कच्च्या दुधाचे असूनही किमान वर्षभर मुरते, कोरडे आणि खारट होते, आणि त्यात लिस्टेरियाचा टिकाव लागणे कठीण जाते. ब्री किंवा कॅमेम्बेर यांचे उलट आहे. ओलावा भरपूर असतो, आणि वरची पांढरी बुरशी चीज मुरताना त्यातले आम्ल खात जाते, म्हणजे जंतूंना अडवणारा आंबटपणाच दिवसेंदिवस उतरतो. त्यात लिस्टेरिया फ्रिजच्या 4 अंशांतही वाढतो. 1985 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या चीजमधून त्याची साथ पसरली. 142 रुग्णांपैकी 93 जण गर्भवती स्त्रिया किंवा त्यांची अर्भके होती आणि गर्भातले मृत्यू धरून 48 जीव गेले. गर्भवतीला स्वतःला नुसती कणकण आणि अंगदुखी जाणवते, घाला बाळावर पडतो, आणि खाल्ल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कधी कधी 70 दिवसही जातात. इतक्या दिवसांनी चीजचा तो तुकडा कोणाला आठवणार?

आपल्या पनीरचा धोका निराळा आहे. ते तापलेल्या दुधाचेच असते, बिघडते ते नंतर. डेअरीवर लादी पाण्याच्या टबात असते, दुकानदार नोटा मोजलेल्याच हाताने ती उचलतो, कापतो, उरलेली परत टबात सोडतो. हातावरचे स्टॅफिलोकॉकस जंतू उन्हाळ्यात काही तासांत विष तयार करू शकतात, आणि ते विष उकळल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून टबाबाहेर तासन्‌तास पडलेले पनीर मी घेत नाही, भाजीत शिजणारच आहे असे दुकानदाराने कितीही समजावले तरी.

राहता राहिले पंचामृत. त्याला तापवलेले दूध चालत नाही, असे अनेक घरांत मानतात, आणि तीर्थ तर घरातल्या गर्भवती सुनेच्या तळहातावरही पडते. पिशवीतले पाश्चराइज्ड दूध घरात न तापवता वापरले, तर दोन्ही गोष्टी साधतात, फक्त पिशवी डेअरीच्या फ्रिजमधून थेट घरच्या फ्रिजमध्ये आलेली असावी आणि पंचामृत पूजेच्या वेळीच कालवावे. आमच्या गुरुजींनी यावर अजून हरकत घेतलेली नाही.