बाबाने कमी तास मागितले तेव्हा: माझा अनुभव

आमच्या घरात कामाचे तास कोणी कमी करायचे, यावर फार चर्चा करावी लागली नाही. बायको ठाण्याला बँकेत काउंटरवर आहे, तिची वेळ शाखेच्या वेळेला बांधलेली. मी मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) एका मालवाहतूक कंपनीत बिलिंग बघतो. ते काम मागेपुढे सरकवता येतं. तिची बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा संपत आली आणि मुलुंडच्या पाळणाघरातल्या काकूंनी स्पष्ट सांगितलं, "एवढ्या लहान बाळाला मी तीनपर्यंतच सांभाळते हो." तीननंतर घरी मी असणार, असं आम्ही ठरवलं. मला स्वतःलाही तेच हवं होतं. जन्मानंतर मिळालेली माझी छोटीशी रजा दवाखाना, लसी आणि जन्मदाखला यातच संपली होती.

आधी कायदा बघितला. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने आईची रजा 12 वरून 26 आठवडे झाली आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर आई आणि कंपनी या दोघांच्या संमतीने घरून काम करण्याची तरतूदही आली. खासगी नोकरीतल्या बापाला यातलं काही लागू नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. आपले हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी 2017 मध्ये पितृत्व लाभाचं खासगी विधेयक आणलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. स्वीडनमध्ये मूल 8 वर्षांचं होईपर्यंत आई किंवा बाप, कोणीही कामाचे तास पाव हिश्श्याने कमी करून घेऊ शकतात, तेही हक्काने. इथे मला कंपनीच्या राजीखुशीवर जायचं होतं, म्हणून जे काही ठरेल ते कागदावर यायलाच हवं होतं.

साहेबांशी आधी तोंडी बोललो. त्यांचा पहिला प्रश्न, "अरे, घरी आजी नाही का?" मी म्हटलं, "सर, दोन्हीकडच्या आज्या गावी असतात, आणि त्या असत्या तरी मी मागितलंच असतं." ते जरा थांबले. मग म्हणाले, "ठीक आहे, पण दुपारी पार्टीचे फोन येतात ते कोण घेणार?" हा प्रश्न मला आवडला, कारण याला उत्तर देता येत होतं.

त्या रात्री मेल लिहिला. त्यात बाळाबद्दल दोनच ओळी होत्या, बाकी सगळं कामाबद्दल. सकाळी 8 ते 2 ऑफिस, पगार 75 टक्के. आदल्या दिवशीच्या डिलिव्हरीची बिलं 11 च्या आत तयार, म्हणजे ग्राहकांच्या शंका बहुतेक मी असतानाच येतील. दोननंतरचे फोन शेजारच्या टेबलवरचा सहकारी घेईल. त्याला आधी विचारलं होतं, त्याचं नाव त्याच्या होकारासह टाकलं. महिनाअखेरच्या क्लोजिंगला, म्हणजे हिशेब बंद करताना, मी पूर्ण वेळ थांबेन, त्या दिवसांत बायको रजा टाकेल. आधी तीन महिने करून बघू आणि जमलं तर मुलगी वर्षाची होईपर्यंत चालू ठेवू, असंही लिहिलं.

एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, ही सोय आम्ही बाळंतपणाहून परत येणाऱ्या बायकांना देतो." मी कंपनीच्या धोरणाचं पान उघडून समोर ठेवलं. सोय फक्त आईसाठी आहे असं त्यात कुठेही नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि वर विचारते म्हणाल्या. मंजुरी आली, पण खरं काम त्यानंतरच सुरू झालं.

पत्राच्या मसुद्यात "पुढील आदेशापर्यंत" असं होतं, आणि पगार कापताना बेसिकही, म्हणजे मूळ पगारही, त्याच प्रमाणात कमी केलेलं. इथे सावध राहा. पीएफ मुख्यतः बेसिकवर कापला जातो आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) शेवटच्या पगारावरून निघते: त्यातलं मुख्यतः बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) धरून, दर वर्षामागे 15 दिवस. म्हणजे या कमी पगाराच्या काळात नोकरी सुटली, तर मागच्या सगळ्या पूर्णवेळ वर्षांची ग्रॅच्युइटीही कमी आकड्यावरच धरली जाणार. मी विनंती केली की कपात स्पेशल अलाउन्समधून करा, बेसिकला हात लावू नका. शिवाय पूर्णवेळ परत येण्याची तारीख घाला, आणि कुटुंबाचा ग्रुप मेडिक्लेम चालू राहील असं लिहा, कारण काही पॉलिसींत अर्धवेळ माणूस बसत नाही. मॅडमनी तिन्ही मान्य केलं. मॅडमना हे कोणी आधी विचारलंच नव्हतं, आणि माझ्या आधी कमी तास घेतलेल्या सहकारी स्त्रियांचं बेसिक सरळ कापलं गेलं होतं. ते मला फार लागलं. त्यातल्या दोघींना मी मसुदा दाखवला, आणि एकीने आता दुरुस्तीचा अर्ज दिलाय.

आता दोनला निघतो, कुर्ल्यापर्यंत शेअर रिक्षा, मग स्लो लोकल. त्या वेळेला बसायला मिळतं. काकू मुलीला कडेवर देतात तेव्हा तिच्या हनुवटीला नाचणीचं सत्त्व लागलेलं असतं. ते पुसू दिलं की ती माझ्या शर्टाचं बटण धरून बसते.

एप्रिलच्या अप्रेझलचं अजून सुटलेलं नाही. माझी बिलं पूर्णवेळ माणसाच्या आकड्याशी तोलली जाऊ नयेत, तासांच्या प्रमाणात धरावीत, असा मेल केलाय. साहेब बघतो म्हणालेत. लेखी उत्तर येईपर्यंत मी दर सोमवारी विचारणार आहे.