वूफर वरून पारखला, ट्वीटर खालून

पुण्याच्या तपकीर गल्लीत स्पीकरचे सुटे भाग घ्यायला गेलं की दुकानदाराचे दोन प्रश्न ठरलेले: "बास किती पाहिजे?" आणि "ट्रेबल कडक पाहिजे ना?" म्हणजे वूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) किती खाली जातो आणि ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा) किती वर जातो. घरासाठी टू-वे, म्हणजे एका खोक्यात हे दोन्ही असलेल्या, स्पीकरची जोडी बनवायला घेतली तेव्हा माझ्याही डोक्यात तेच होतं. पण डेटाशीट शेजारी-शेजारी ठेवून बघायला लागलो, तसं काम उलट्या टोकानं करावं लागलं. वूफरचा वरचा भाग कसा आहे ते बघायचं आणि ट्वीटरचा खालचा. दोघं भेटतात ती जागा १८०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात येते, आणि आपला कान सगळ्यात चोखंदळ आहे तो तिथे आणि त्याच्या जरा वर.

किती खाली जायचं हे ऐकण्यावरून ठरवलं. आमच्याकडे मुख्यतः शास्त्रीय गायन लागतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार ६९. डग्ग्याचा घुमाराही त्याच टापूत. ६० हर्ट्झपर्यंत स्पीकर प्रामाणिक राहिला तर माझं भागतं. ३० हर्ट्झच्या हव्यासापायी मोठं खोकं आणि जड वूफर आणायचा, आणि फ्लॅटमधल्या शेजाऱ्यांच्या भिंती हलवायच्या, हा धंदा मला नको होता.

वूफरसाठी चार उमेदवार निवडले: पाच इंची कागदी कोन (शंकूसारखा पडदा), साडेसहा इंची कागदी, साडेसहा इंचीच पण अॅल्युमिनियमचा, आणि आठ इंची पॉलिप्रॉपिलीन. आठ इंची लगेच गळाला. आवाजाची तरंगलांबी पडद्याच्या व्यासाइतकी होत आली की आवाज बाजूंना पसरायचा थांबून समोर झोत मारू लागतो. आठ इंचीचा हलणारा पडदा साधारण साडेसोळा सेंटिमीटरचा, त्यामुळे हा प्रकार २००० हर्ट्झच्या आसपास जोरात होतो आणि त्याच्या बराच आधी सुरू होतो. साडेसहा इंचीत तेच २६०० च्या पुढे जातं. पाच इंची या बाबतीत सगळ्यात सरस, पण त्याच्या पडद्याचं क्षेत्रफळ ८५-९० चौरस सेंटिमीटर आणि साडेसहा इंचीचं १२०-१३०. तेवढीच हवा हलवायला पाच इंचीला दीडपट मागेपुढे व्हावं लागतं. शिवाय एक सप्तक खाली उतरलं की तोच आवाज ठेवायला हालचाल चौपट लागते. डग्ग्यावर जोरात थाप पडली की बिचाऱ्याची दमछाक.

खरी लढत दोन साडेसहा इंचींमध्ये झाली. अॅल्युमिनियमचा दिसायला देखणा, आणि २००० हर्ट्झपर्यंत त्याचा आलेख पट्टीनं आखल्यासारखा सरळ. पण पुढे साडेपाच हजारांजवळ एक सुळका, आठ-दहा डेसिबलचा. धातूचा कोन कडक असतो. त्याचं वाकणं उशिरा सुरू होतं, पण झालं की घंटेसारखा वाजतो. क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला आपापले स्वर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये, नॉच (एक ठराविक पट्टा दाबणारा भाग) घालून तो सुळका दाबता येतो. दाबता येत नाही ते वेगळंच: १८०० हर्ट्झचा स्वर वाजवताना वूफरच्या मोटरमध्ये तयार होणारी तिसरी हार्मोनिक (तिप्पट वारंवारतेचा उपस्वर) बरोबर ५४०० वर पडते, आणि सुळका तिला उचलून धरतो. ही विकृती वूफरच्या आतच जन्मते, त्यामुळे वूफरच्या आधी बसवलेला नॉच तिला अडवत नाही. कागदी कोनाचा आलेख दिसायला ओबडधोबड. चार हजारांजवळ थोडा उंचवटा, मग सावकाश घसरण. मी कागदी घेतला. फोटोत अॅल्युमिनियमचाच छान दिसला असता, हे मान्य.

ट्वीटरकडे वळलो तेव्हा ही गरज ठरून गेली होती: २१०० हर्ट्झच्या जवळपास येऊन भेटेल असा पाहिजे. एका झटक्यात निम्मे बाद झाले. साधारण संकेत असा की क्रॉसओव्हरची जागा ट्वीटरच्या रेझोनन्सच्या (तो आपणहून सगळ्यात जास्त हलतो त्या वारंवारतेच्या) किमान दुप्पट असावी. लहान निओडिमियम चुंबकाचा अॅल्युमिनियम डोम (घुमटाकार पडदा) होता, त्याचा रेझोनन्स १४०० च्या आसपास. त्याला २८०० च्या खाली उतरवणं म्हणजे छळ. त्याची जाहिरात मात्र ३० किलोहर्ट्झपर्यंत पोचतो म्हणून. माझ्या वयाला १४ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, उरलेलं कुणासाठी? पातळ धातूच्या पट्टीच्या रिबन ट्वीटरचा मोह बरेच दिवस होता, टाळांचा आवाज त्याच्यावर फार सुंदर येतो. पण माझ्या खिशाला परवडणारे छोटे रिबन तीन हजारांच्या खाली सुखानं चालत नाहीत, आणि खुर्चीतून उठून उभं राहिलं की आवाज बदलतो. शेवटी २६ मिलिमीटरचा रेशमी डोम घेतला. मागे हवेची पोकळी असलेला, रेझोनन्स ७५० च्या आसपास. खाली भरपूर जागा.

सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की किती मोठा आवाज येतो त्या, आकड्यानं बरेच जण फसतात. ट्वीटर ९१ डेसिबल, वूफर ८७, मग चारचा फरक एवढंच आपण बघतो. पण २.८३ व्होल्ट म्हणजे आठ ओहमला एक वॅट आणि चार ओहमला दोन वॅट, म्हणून चार ओहमच्या ट्वीटरचे तीन डेसिबल फुकटचे दिसतात. त्यात बॅफलचा, म्हणजे खोक्याच्या दर्शनी पाटीचा, हिशोब. माझ्या खोक्याची दर्शनी पाटी २३ सेंटिमीटर रुंद. ११५ ला मीटरमधल्या रुंदीनं भागलं की ५०० हर्ट्झ येतात, आणि त्याच्या खालचा आवाज पाटीला वळसा घालून मागे जाऊ लागतो. मोकळ्या जागेत हा तोटा सहा डेसिबल, घरात भिंत मागे असल्यामुळे चार धरला. म्हणजे वूफर प्रत्यक्षात ८३ चा. ट्वीटरला आठ डेसिबल खाली दाबावं लागलं. ९४ चा महागडा ट्वीटर आणला असता तर जास्तीचे तीन डेसिबल रेझिस्टरमध्ये तापून गेले असते.

माल आल्यावर खोकं कापायच्या आधी वूफर मोजले. थील आणि स्मॉल या ऑस्ट्रेलियातल्या अभियंत्यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत जी परिमाणं रूढ केली, त्यांच्यावरच बंद खोक्याचं सगळं गणित चालतं. कागदावर एफएस (वूफरचा रेझोनन्स) ३४ हर्ट्झ, क्यूटीएस (तो रेझोनन्स किती उसळतो) ०.४० आणि व्हीएएस (पडद्याच्या टांगणीइतकीच लवचीक हवा किती) ३५ लिटर. माझ्या मोजणीत एफएस ३८, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस २८. नव्या वूफरची स्पायडर (कोनाला मागून धरणारी सुरकुत्यांची चकती) जरा ताठ असते, तिन्ही आकडे एकाच कारणानं सरकलेले. गंमत म्हणजे त्यांचं एकत्र सरकणं एकमेकांना जवळजवळ रद्द करतं. १७ लिटरच्या बंद खोक्यात छापील आकड्यांनी क्यू (खोक्यात बसल्यावरची वूफरची उसळी) ०.७० येतो, मोजलेल्यांनी ०.७३. म्हणून खोकं १७ चंच ठेवलं. रेझोनन्स साठीत येतो, त्याखाली उतार सौम्य, खर्जाची तार वाचली.

सुतारदादा कपाटं करणारे. १८ मिलिमीटर एमडीएफ, पुढची पाटी दुहेरी. "साहेब, एवढ्याशा खोक्याला आतून एवढ्या पट्ट्या? यात काय सिमेंटची पोती ठेवणार?" मी त्यांना पट्टीविना जोडलेल्या बाजूवर बोटानं वाजवून दाखवलं, मग पट्टी लावलेल्या बाजूवर. त्यानंतर प्रत्येक पट्टी ते स्वतःच ठोकून बघत होते. वूफरच्या भोकाची मागची कड राउटरनं (लाकूड कोरायच्या यंत्रानं) तिरकी करायला मात्र दोनदा सांगावं लागलं. जाड पाटीत सरळ भोक ठेवलं तर कोनाच्या मागची हवा कोंडते.

मोजणी रात्री, पंखा बंद करून, सोसायटीतली शेवटची कुकरची शिट्टी झाल्यावर. छताची उंची २.८ मीटर, म्हणून स्पीकर आणि माइक दोन्ही बरोबर १.४ वर. असं केलं की जमीन आणि छत दोन्हींचे पडसाद एकदमच, साधारण पावणेसहा मिलिसेकंदांनी येतात; तेवढाच तुकडा कापून घेतला की खोली वजा होते. एवढ्या छोट्या तुकड्यात न मावणारे खालचे स्वर वूफरच्या पडद्यालगत माइक नेऊन मोजले. मोजणीचं आरईडब्ल्यू आणि क्रॉसओव्हर आखायचं विटुइक्सकॅड ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, पैसे लागतात ते माइकला.

क्रॉसओव्हर लिंकवित्झ-रायली चौथ्या दर्जाचा, म्हणजे तीव्र उताराचा. हा प्रकार झीगफ्रीड लिंकवित्झ यांनी १९७६ मध्ये मांडला; ते आणि रस रायली दोघंही ह्यूलेट-पॅकार्डमधले. भेटीच्या जागी वूफर आणि ट्वीटर प्रत्येकी सहा डेसिबल खाली, आणि दोघं एका लयीत असले तर बेरीज सपाट. कॉइली मी स्वतः गुंडाळल्या. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची वायर किलोवर मिळते. वूफरच्या वाटेतली कॉइल जाड तारेची केली, कारण तिचा रोध क्यू वाढवतो. कपॅसिटर साधे पॉलिप्रॉपिलीन. एका कपॅसिटरला वूफरइतके पैसे मोजणारे लोक आहेत. त्यांच्याशी वाद घालायचा नाही हे मी फार पूर्वी ठरवलंय.

जोड जमला का, हे बघायची युक्ती म्हणजे ट्वीटरच्या दोन तारा उलट जोडायच्या. दोघं खरोखर लयीत असतील तर आता एकमेकांना खाऊन टाकतील. सुरुवातीला २००० वर जेमतेम दहा डेसिबलचा उथळ खड्डा आला. वूफरचं ध्वनिकेंद्र ट्वीटरच्या अडीच-तीन सेंटिमीटर मागे असतं, त्याचा उशीर भरून निघाला नव्हता. ट्वीटरच्या बाजूचा दुसरा कपॅसिटर थोडा थोडा बदलत गेलो, तसतसा खड्डा अरुंद आणि खोल होत गेला. २१०० वर तो २८ डेसिबल खाली गेला तेव्हा तारा सुलट केल्या आणि रेघ सपाट झाली.

मग नुसता तंबोरा लावला. जवारी (घोडीवरच्या दोऱ्यानं तारेला येणारी झणकार) नीट लागलेली असली की एकाच तारेतून हार्मोनिकांची माळ वरून खाली उतरताना ऐकू येते. जोड कच्चा असला की ती माळ दोन हजारांपाशी अडखळते, वरचा अर्धा भाग ट्वीटरमधून वेगळाच येतोय असं वाटतं. इथे ती सलग उतरली. डोकं बाजूला नेलं तरी सलग.

वडिलांची तक्रार मात्र राहिली. पेटी (हार्मोनियम) बोचते म्हणाले. आलेख सपाट असल्याचं त्यांना दाखवून काही उपयोग नव्हता. ट्वीटरच्या वाटेतला रेझिस्टर एक पायरी वाढवला, अर्धा-पाऊण डेसिबल उतरला. आता ते काही बोलत नाहीत, आणि मीही त्याला हात लावलेला नाही.